मज्जारज्जू ‘पुन्हा जुळल्या’ची बातमी आली की ती कशी तपासायची

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या घरी अशा बातम्या येतच राहतात. कुठे उंदीर चालू लागला, कुठे एका इंजेक्शनने तुटलेले तंतू जुळले, कुठे स्टेम सेल टोचून घेतल्यावर पाय हलले. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. प्रयोग झालेला असतो आणि उंदीर चालला असेही असते. फक्त प्रयोगशाळेत जे मोजलं गेलं आणि घरात ज्याची वाट पाहिली जातेय, त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. तो फरक कुठे शोधायचा, कोणत्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि पैसे मोजण्याआधी काय विचारायचं, ते इथे दिलं आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः झुरिचचे न्यूरोसायंटिस्ट मार्टिन श्वाब यांचं ‘नोगो-ए’वरचं (मज्जारज्जूतल्या तंतूंची वाढ अडवणाऱ्या एका प्रथिनावरचं) काम घेतलं आहे, कारण काचेच्या बशीपासून रुग्णालयापर्यंतचा त्याचा पूर्ण प्रवास उघड नोंदलेला आहे.

आधी स्वतःचा चार्ट

बातमी वाचण्याआधी आपल्या माणसाची इजा नेमकी किती आणि कुठे आहे, हे कागदावर हवं. एमआरआयची फाइल त्यासाठी पुरत नाही. एमआरआयमध्ये सूज, रक्तस्राव, दबलेला भाग दिसतो, पण त्यातून पलीकडे किती संदेश जातात हे दिसत नाही. ते कळतं ‘एशिया चार्ट’वरून (हे नाव अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनच्या आद्याक्षरांवरून आलं आहे). हा एक पानी तक्ता सगळ्या जगात एकाच पद्धतीने भरतात, आणि मज्जारज्जूवरच्या उपचारांच्या बहुतेक सगळ्या चाचण्या (क्लिनिकल ट्रायल) त्याच्याच आकड्यांत बोलतात. तुमच्याकडे तो नसेल, तर कोणती चाचणी तुमच्यासाठी आहे आणि कोणती नाही, हे ठरवताच येणार नाही.

चार्ट रिहॅबचे डॉक्टर (फिजियाट्रिस्ट) किंवा प्रशिक्षित फिजिओ भरतात. मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनसारख्या ठिकाणी हे नेहमीचं काम आहे. तपासणी उताणं झोपवूनच करतात. शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी आधी कापसाच्या वातीने स्पर्श आणि मग सेफ्टी पिनने टोक तपासतात. तुलनेसाठी गाल घेतात: गालासारखंच लागलं तर 2, वेगळं किंवा बोथट लागलं तर 1, काहीच नाही तर 0. पिनचं टोक आणि बोथट बाजू यांतला फरक ओळखता आला नाही, तर नुसता स्पर्श कळत असला तरी पिनला 0. शंका असेल तिथे दहापैकी आठ वेळा बरोबर उत्तर यावं लागतं. स्पर्शाचे जास्तीत जास्त 112 आणि पिनचे 112 गुण होतात.

ताकदीसाठी प्रत्येक बाजूचे दहा स्नायुगट तपासतात. प्रत्येक गट मज्जारज्जूच्या एका भागाशी जोडलेला असतो: सी म्हणजे मान, टी छाती, एल कंबर, एस त्याखालचा भाग, आणि आकडा म्हणजे वरून कितवा. हातात सी5 कोपर वाकवणं, सी6 मनगट वर उचलणं, सी7 कोपर ताठ करणं, सी8 मधलं बोट मिटणं, टी1 करंगळी बाजूला नेणं. पायात एल2 मांडी उचलणं, एल3 गुडघा ताठ करणं, एल4 पाऊल वर ओढणं, एल5 अंगठा वर करणं, एस1 टाच उचलणं. प्रत्येकाला 0 ते 5. स्नायूत नुसती थरथर हाताला लागली तर 1, गुरुत्वाकर्षण काढून घेतल्यावर पूर्ण हालचाल झाली तर 2, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली तर 3. एकूण 100, त्यांतले 50 हातांचे.

शेवटची तपासणी बऱ्याच ठिकाणी संकोचापोटी गाळतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. गुदद्वाराभोवतीचा स्पर्श, बोटाने आत दिलेला दाब कळतो का, आणि सांगितल्यावर आकुंचन होतं का. मज्जारज्जूचा अगदी खालचा एस4-5 हा भाग इथून कळतो. इथे स्पर्श, दाब, आकुंचन यांतलं काहीही नसेल तर इजा ‘ए’, म्हणजे पूर्ण. संवेदना आहे पण खाली हालचाल नाही, तर ‘बी’. खाली हालचाल आहे पण निम्म्याहून कमी मुख्य स्नायूंना 3 किंवा जास्त गुण आहेत, तर ‘सी’. निम्म्या किंवा त्याहून जास्त स्नायूंना ते मिळाले, तर ‘डी’. ही तपासणी न करता कुणी ‘कम्प्लीट इंज्युरी’ लिहिलं असेल, तर तो शब्द ग्राह्य धरू नका. पुन्हा तपासून घ्या.

चार्ट चुकतो कुठे? एक म्हणजे फार लवकर भरल्याने. पहिल्या दिवशी शॉक, वेदनाशामकं, व्हेंटिलेटर यामुळे चित्र खरं नसतं. इजेनंतर साधारण 72 तासांनी भरलेला चार्ट पुढच्या तुलनेला धरतात. दुसरं, लघवीचा संसर्ग, ताप किंवा शय्याव्रण असताना भरल्याने. त्या दिवसांत ताकद कमी मोजली जाते आणि ताठरता वाढलेली असते. तिसरं कारण घरच्यांना नेहमी फसवतं. सी6च्या इजेत मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, कारण बोटांचे स्नायुबंध मनगटासोबत ताणले जातात. ते पाहून सी8 परत आलं असं वाटतं. खात्री करायची तर मनगट हाताने सरळ धरून ठेवावं आणि मग मधलं बोट मिटायला सांगावं. पायांचंही तसंच. चादर ओढल्यावर पाय उडाला, तर ती झटक्याची प्रतिक्षिप्त क्रिया. ‘आता हलव’ म्हटल्यावर हलला आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबला, तरच त्याला गुण द्यायचे. व्हिडिओ घेताना हे दोन शब्द ऐकू येतील असा घ्या. पुढे कुठल्याही डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

बातमीतला प्राणी, आणि त्याची जखम कशी होती

आता बातमी. पहिला प्रश्न प्राणी कोणता हा नाही, त्याची जखम कशी केली होती हा आहे. प्रयोगात जखमेचे मुख्यतः तीन प्रकार असतात. मज्जारज्जू पूर्ण कापणं. एक बाजू किंवा ठरावीक भागच कापणं. आणि वरून ठरावीक जोराने आघात करणं. अपघातात माणसाला होते ती इजा बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारची असते, म्हणून आघाताचे प्रयोग माणसाशी जास्त जुळतात. अडचण अशी की आघातात बाहेरच्या कडेला काही तंतू शाबूत राहतात, आणि थोडेसे उरलेले तंतूही बरंच काम करून घेतात. त्यामुळे उंदीर चालला, तर तंतू नव्याने वाढले की उरलेलेच जास्त काम करू लागले, हे नुसत्या चालण्यावरून सांगता येत नाही. 2003 मध्ये स्टुअर्ड, झेंग आणि टेसिए-लव्हीन यांनी याच गोंधळावर लेख लिहून, नव्याने वाढलेला तंतू ओळखण्यासाठी कोणत्या खुणा तपासायच्या ते मांडलं. जखमेच्या आतून गेलेला, वेडावाकडा वाट काढत गेलेला, इजेनंतर लगेच नसलेला पण काही आठवड्यांनी दिसणारा तंतू हा नवा असण्याची शक्यता जास्त. कडेच्या शाबूत पट्ट्यातून सरळ रेषेत गेलेला बहुधा जुनाच. शोधनिबंधात रंगवलेल्या तंतूंचं चित्र असेल, तर हे स्वतः पाहता येतं. सरळ, एकसारख्या रेषा दिसल्या की संशय घ्यावा.

उंदरांच्या चालण्याला ‘बीबीबी’ मोजपट्टीवर 0 ते 21 गुण देतात. 1995 ची ही पद्धत अजून चालते. बातमीत ‘गुण दुप्पट झाले’ असं असतं. दुप्पट म्हणजे 4 वरून 8 असेल, तर उंदीर मागचे पाय हलवतो, पण त्यांच्यावर वजन पेलून पावलं टाकत नाही. वजन पेलण्याचा उंबरठा 9 च्या आसपास आहे आणि पुढच्या-मागच्या पायांचा नियमित मेळ 14 ला लागतो. म्हणून किती वाढलं यापेक्षा कुठून कुठे गेलं ते पाहा.

श्वाब यांच्या कामावर हे लावून पाहू. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. हातापायांच्या नसा तुटल्यावर पुन्हा वाढतात, साधारण दिवसाला एक मिलिमीटर, पण मज्जारज्जूतले तंतू वाढत नाहीत. 1981 मध्ये माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला जोडला, तर मज्जारज्जूतलेच तंतू त्यातून जवळपास 30 मिलिमीटर वाढले. म्हणजे वाढण्याची ताकद होती, आजूबाजूची परिस्थिती आडवी येत होती. 1988 मध्ये श्वाब आणि पिको कारोनी यांनी मायलिनमधली अडवणारी प्रथिनं वेगळी काढली आणि त्यांना निष्प्रभ करणारी अँटिबॉडी बनवली. 1990 मध्ये लिसा श्नेल आणि श्वाब यांनी ती कमी वयाच्या उंदरांवर वापरली. अँटिबॉडी मिळालेल्या उंदरांत काही तंतू जखमेच्या खाली 7 ते 11 मिलिमीटर पोचले. न मिळालेल्यांत क्वचितच एका मिलिमीटरपलीकडे गेले.

आता कागद-पेन्सिल घ्या. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू 42 ते 45 सेंटिमीटर लांब असतो. मानेतल्या इजेपासून पाय चालवणाऱ्या पेशींपर्यंत बरंच अंतर आहे. 11 मिलिमीटरमध्ये ते कापलं जात नाही. पण मानेतला एकेक भाग जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा असतो. तेवढ्याने सी6 चा माणूस सी7 वर आला, तर कोपर ताठ करायची ताकद येते. कोपर ताठ झालं की हातांवर जोर देऊन पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकता येतं. चांगल्या चाचण्या ‘चालणं’ न मोजता हातांचे 50 गुण का मोजतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. बातमीत फक्त चालण्याचा व्हिडिओ असेल आणि हाताचे, मूत्राशयाचे, गुदद्वाराच्या तपासणीचे आकडे नसतील, तर मूळ निबंध शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा प्रश्न: हा प्रयोग दुसऱ्या कुणी केला का, आणि त्यांना तेच दिसलं का? मायलिनमधल्या या अडवणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे नोगोचा, जनुक 2000 साली सापडल्यावर, 2003 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नोगो नसलेले उंदीर तयार करून निकाल एकदमच छापले. एका गटाला तंतूंची चांगली वाढ दिसली, श्वाब यांच्या गटाला मर्यादित वाढ दिसली, तिसऱ्याला काहीच दिसलं नाही. अमेरिकेत सरकारी पैशातून मज्जारज्जूवरचे गाजलेले प्रयोग जसेच्या तसे पुन्हा करण्याचा एक प्रकल्प झाला. त्यातले बहुतेक प्रयोग मूळ निकालाइतके खरे उतरले नाहीत. त्यामागे लबाडीच असते असं नाही. जनावरं कमी, जखमेचा आकार दरवेळी थोडा वेगळा, आणि गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध मिळालं हे ठाऊक, एवढ्याने निकाल झुकतो. निबंधात ‘ब्लाइंडेड’ (म्हणजे गुण देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं) हा शब्द आणि प्रत्येक गटातली जनावरांची संख्या शोधा. गटात सहा-सात जनावरं असतील, तर तो अंदाज समजा, निकाल नव्हे.

2006 मध्ये मकाक माकडांवर हाच प्रयोग झाला. मानेत एका बाजूला जखम केलेली, आणि माकडांनी अरुंद खाचांतून बोटांनी खाऊचे दाणे काढायचे. अँटिबॉडी मिळालेल्या माकडांची बोटं अधिक चांगली चालू लागली. जखमेचा आकार मात्र माकडागणिक वेगळा होता. माणसाच्या हाताच्या सगळ्यात जवळचा पुरावा म्हणून हे काम महत्त्वाचं, पण जखमेचा आकार सारखा नसताना गुणांची तुलना जपूनच करायची.

वाढीत नोगो हा एकच अडथळा नाही, हेही लक्षात असू द्या. जखमेच्या व्रणात साचणारे काँड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन तंतूंना थोपवतात. 2002 मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी यांनी काँड्रॉइटिनेज हे विकर देऊन उंदरांत त्यातून वाट काढली. शिवाय प्रौढ चेतापेशींची स्वतःची वाढीची ऊर्मीही मावळलेली असते. झिगांग हे यांच्या गटाने ‘पीटेन’ हा जनुक काढून ती काही अंशी परत आणली. पीटेन पेशींच्या बेसुमार वाढीला, म्हणजे कर्करोगालाही, लगाम घालतो. त्यामुळे माणसात तो सरसकट काढणं परवडणारं नाही. बातमी यांतल्या कोणत्या अडथळ्याबद्दल आहे, ते ओळखलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: बाकीच्या दोघांचं काय?

माणसांवरची चाचणी वाचताना

चाचणी किती लोकांवर झाली, इजेनंतर किती दिवसांनी उपचार दिला, आणि तुलना कुणाशी केली? यांतलं मधलं सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं.

मज्जारज्जूची इजा पहिल्या वर्षात स्वतःहूनही सुधारते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 2007 च्या मार्गदर्शिकेतले आकडे असे: सुरुवातीला ‘ए’ असलेल्यांपैकी जवळपास 80 टक्के ‘ए’च राहतात, साधारण 10 टक्के ‘बी’मध्ये आणि 10 टक्के ‘सी’मध्ये जातात. ‘बी’ची सुधारणा बरीच जास्त, आणि ‘सी’ असलेल्यांपैकी 60 ते 80 टक्के ‘डी’पर्यंत पोचतात. म्हणून इजेनंतर पहिल्या महिन्यात ‘सी’ असलेल्या दहा जणांना काहीही टोचलं तरी सहा ते आठ जण चांगले होणार, आणि श्रेय इंजेक्शनला जाणार. तुलनेचा गट नसलेल्या चाचणीत हे वेगळं काढताच येत नाही. जपानने 2018 च्या डिसेंबरात ‘स्टेमिरॅक’ या रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींच्या उपचाराला अटींसह परवानगी दिली. त्यामागे 13 जणांचा अभ्यास होता, तुलनेचा गट नव्हता, आणि पेशी इजेनंतर काही आठवड्यांतच दिलेल्या होत्या. 13 पैकी 12 जणांची श्रेणी किमान एकाने वाढली. आकडा देखणा आहे, पण जगभरच्या तज्ज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला.

नोगोची वाट संथ आहे. पहिल्या टप्प्यात 52 पूर्ण इजेच्या रुग्णांना अँटिबॉडी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात दिली. उद्देश सुरक्षितता पाहण्याचा होता, आणि ती सुरक्षित निघाली. मग जर्मनी, स्वित्झर्लंड, स्पेन आणि चेक प्रजासत्ताकातल्या रुग्णालयांत ‘निस्की’ चाचणी झाली. मानेला इजा झालेले 126 रुग्ण, इजेनंतर 4 ते 28 दिवसांच्या आत सुरुवात, 45 मिलिग्रॅमची सहा इंजेक्शनं, आणि काही जणांना नुसतं पाणी. सहा महिन्यांनी हातांचे गुण मोजायचे, हे आधीच ठरवलेलं. निकाल 2025 च्या सुरुवातीला द लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आला: अँटिबॉडी आणि पाणी यांच्यात अर्थपूर्ण फरक नाही. नंतरच्या विश्लेषणात थोडीफार हालचाल शिल्लक असलेल्यांना फायदा झाल्याचं दिसलं.

बातम्यांनी हे शेवटचं वाक्य उचललं. वाचताना क्रम उलटा लावा: आधी ठरवलेला निकाल कोणता, तो आला का? नंतर शोधलेला उपगट हा पुढच्या चाचणीसाठी प्रश्न असतो, उत्तर नव्हे. याच क्षेत्रात हे आधी घडलेलं आहे. 1990 मध्ये अमेरिकेतल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या चाचणीत 487 रुग्णांपैकी एका गटाला किलोमागे 30 मिलिग्रॅम आणि मग 23 तास दर तासाला किलोमागे 5.4 मिलिग्रॅम असा डोस दिला होता. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही. 8 तासांच्या आत दिलेल्यांत दिसला, आणि त्या एका उपगटावर जगभरच्या आपत्कालीन विभागांत हा डोस वर्षानुवर्षं दिला गेला. 2013 मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शिकेने तो देऊ नये असं म्हटलं. 2017 मध्ये एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 8 तासांच्या आत एक पर्याय म्हणून त्याला जागा ठेवली. वाद अजून मिटलेला नाही.

इजेला वर्ष उलटून गेलं असेल, तर 4 ते 28 दिवसांच्या चाचणीची बातमी तुमच्यासाठी नाही. जुन्या इजेत व्रण पक्का झालेला असतो. जुन्या इजेसाठी आज हाती येऊ शकतं ते विद्युत उत्तेजन. त्याने तंतू वाढत नाहीत. उरलेल्या वाटांमधून जाणारा संदेश वाढवला जातो. मानेवर बाहेरून पॅड लावणाऱ्या ‘आर्क-ईएक्स’ यंत्राच्या चाचणीत 60 जणांना दोन महिने नुसता व्यायाम आणि मग दोन महिने व्यायामासोबत उत्तेजन दिलं. 72 टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामं दोन्ही ठरवलेल्या मापाने सुधारली. अमेरिकेच्या एफडीएने 2024 च्या डिसेंबरात त्याला परवानगी दिली, पण मानेच्या, जुन्या आणि अपूर्ण इजेसाठीच. म्हणून पुन्हा तोच एस4-5 चा प्रश्न.

हाताच्या नसांची अदलाबदल ही शस्त्रक्रिया मात्र संशोधनाच्या पलीकडे पोचली आहे. सी5-सी6 च्या माणसाची काम करणारी एक नस, कोपर ताठ करणाऱ्या किंवा बोटं चालवणाऱ्या नसेला जोडतात. मेलबर्नला नताशा व्हॅन झिल यांच्या गटाने 2019 मध्ये 16 जणांवरच्या 59 जोडण्यांचे निकाल दिले. हे रुग्ण इजेनंतर दीड वर्षाच्या आतले होते, आणि ही मुदत महत्त्वाची आहे. नसेअभावी स्नायू वाळून गेला की जोडूनही उपयोग होत नाही. हातावर काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनची किंवा ब्रेकियल प्लेक्ससच्या (मानेतून हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या) सर्जनची गाठ पहिल्या सहा महिन्यांतच घ्या. बऱ्याच घरांत हा पर्याय कुणी सांगतच नाही.

पैसे मागणारे

भारतात आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. मज्जारज्जूची इजा त्या अपवादात नाही. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याने चाचणीच्या उपचाराचे पैसे द्यायचे नसतात. म्हणून ‘चाचणी सुरू आहे, पॅकेज अमुक लाख’ हे वाक्यच स्वतःशी विसंगत आहे.

तपासणी अशी करा. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा. तो ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, मग वर्ष, महिना आणि अनुक्रमांक. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकून पान उघडा. तिथे पाहायचं ते हे: नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे का (1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी चालत नाही), औषध महानियंत्रकांची मंजुरी ‘मिळाली’ असं लिहिलं आहे की रकाना रिकामा, एथिक्स कमिटीचं नाव आणि मंजुरीची तारीख, तुलनेच्या गटाला काय मिळणार, मुख्य निकाल कोणत्या दिवशी, कोणत्या मोजपट्टीवर, आणि भरती अजून सुरू आहे की थांबली. क्रमांक देता येत नसेल, किंवा क्रमांक भलत्याच आजाराचा निघाला, तर बोलणं तिथेच थांबवा.

‘तुमच्याच पेशी आहेत, धोका काही नाही’ हे ऐकायला मिळतंच. पोर्तुगालमध्ये एका तरुणीच्या नाकातल्या तिच्याच पेशी तिच्या मज्जारज्जूत घातल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली. तपासणीत मज्जारज्जूत गाठ सापडली, आणि ती नाकाच्या अस्तरासारखी श्लेष्मल द्रव तयार करत होती. 2014 मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पेशी तिच्या स्वतःच्याच होत्या, आणि केस प्रसिद्ध झाली म्हणून हे कळलं तरी. पॅकेज विकणाऱ्यांकडे आठ वर्षांनी कोण विचारायला जाणार?

आणखी दोन गोष्टी पॅकेजमध्ये सांगितल्या जात नाहीत. एक, इंजेक्शनासोबत रोज चार-पाच तासांची कसून फिजिओथेरपी दिलेली असते, त्यामुळे झालेला बदल कशाने झाला ते सांगता येत नाही; तोच फिजिओ आधी महिनाभर करून, चार्ट भरून, मग विचार करा. दोन, आधी पेशी टोचून घेतलेल्या माणसाला बहुतेक खऱ्या चाचण्यांमध्ये घेत नाहीत. आज घेतलेलं इंजेक्शन पुढचा दरवाजा बंद करू शकतं.

फाइलमध्ये काय असावं

इजेची तारीख आणि कारण. पहिल्या 72 तासांनंतरचा, मग एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांचा एशिया चार्ट, त्यावर तपासणाऱ्याचं नाव आणि एस4-5 चे तीन रकाने भरलेले. एमआरआयची सीडी, नुसता रिपोर्ट नव्हे. शस्त्रक्रियेची टिपणी आणि कण्यात बसवलेल्या स्क्रू-रॉडचा प्रकार, कारण काही चाचण्यांत एमआरआय पुन्हा लागतो. मूत्राशयाची तपासणी झाली असेल तर तिचा निकाल. चालू औषधं डोससकट, बॅक्लोफेन आणि प्रेगाबॅलिन विसरू नका. शय्याव्रण झालं असेल तर जागा आणि भरल्याची तारीख. चाचणीत घेताना सगळ्यात जास्त लोक याच कारणावरून नाकारले जातात असं नाही, पण उघडी जखम असताना कुणी घेत नाही. वर्षानंतर चार्ट दरवर्षी एकदा, शक्यतो त्याच तपासनिसाकडून. दोन वेगळ्या हातांनी भरलेल्या चार्टमध्ये एक-दोन गुणांचा फरक पडतोच, तो सुधारणा किंवा घसरण म्हणून मोजू नका.